गव्हर्नर आयरचं जुनं कार्ड-छायाचित्र : मूळ घ्यावं की छापील प्रत?

ब्रिटिशांच्या ताब्यातल्या जमैकाचा १८६०च्या दशकातला गव्हर्नर एडवर्ड जॉन आयर याचं छायाचित्र आज विकत घ्यायचं म्हटलं तर ते बहुतेक वेळा दोन रूपांत समोर येतं. एक म्हणजे १८६०च्या दशकातलं तळहाताएवढं 'कार्त-द-व्हिझिट' : पातळ कागदावरचा फोटो, पुठ्ठ्याच्या कार्डावर चिकटवलेला. दुसरं म्हणजे त्याच काळातल्या चित्रावरून हल्ली काढलेली छापील प्रत, ए४ किंवा ए३ आकाराची, फ्रेमसह किंवा फ्रेमशिवाय. तिसरंही एक रूप आहे, नामांकित ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनने १८६७ मध्ये काढलेलं मोठं छायाचित्र. पण त्याच्या मूळ प्रती संग्रहालयांत आहेत आणि लिलावात तिच्या चांगल्या प्रतींचे आकडे हजारो पौंडांत जातात, तेव्हा सामान्य ग्राहकाच्या हिशेबात ते धरू नये.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. कार्डाची पाठ आणि कडा शाबूत असतील तर मूळ कार्ड पैशाला पुरेपूर उतरतं. ऑनलाइन दुकानांतल्या छापील प्रती मात्र दहातल्या आठ टाकाऊ. त्या बिघडतात त्या छपाईत नव्हे, स्कॅनमध्ये आणि चित्राखालच्या परिचयाच्या ओळीत.

खालच्या ओळीपासूनच सुरुवात करू, कारण विक्रेते सगळ्यात जास्त तिथेच हात आखडतात. 'सुप्रसिद्ध संशोधक-प्रवासी, ऑस्ट्रेलिया' एवढंच लिहिलेलं असतं. ते खोटं नाही. १८४०-४१ मध्ये आयर ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट या दक्षिणेकडच्या विस्तीर्ण आखाताच्या काठाने पश्चिमेकडे गेला. त्याचा सहकारी बॅक्स्टर वाटेत मारला गेला आणि आयर शेवटी वायली या आदिवासी तरुणाच्या सोबतीने पार पोहोचला. ऑस्ट्रेलियात त्याच्या नावाचा महामार्ग आहे, द्वीपकल्प आहे आणि सरोवरही आहे, ज्याचं नाव २०१२ पासून अधिकृतपणे काटी थांडा–लेक आयर असं जोडनाव झालं. पण १८६०च्या दशकात लोकांनी त्याचा फोटो विकत घेतला तो वाळवंटासाठी नव्हे, जमैकासाठी.

११ ऑक्टोबर १८६५ रोजी मोरांट बे इथल्या न्यायालयावर बॅप्टिस्ट पंथाचा स्थानिक पुढारी पॉल बोगल याच्या पुढाकाराने शेकडो लोकांचा मोर्चा आला. स्वयंसेवक सैनिकांनी गोळीबार केला, मग न्यायालय जाळलं गेलं, काही अधिकारी मारले गेले. आयरने किंग्स्टन शहर वगळून बेटाच्या पूर्वेकडच्या सरे काउंटीत लष्करी कायदा पुकारला. पुढच्या काही आठवड्यांत काय झालं ते चौकशी आयोगाच्या अहवालात आकड्यांनिशी आहे : ४३९ जण ठार, सुमारे ६०० जणांना फटके, सुमारे १,००० घरं जाळलेली. बाथ या गावी फटक्यांसाठी वापरलेल्या चाबकांच्या दोऱ्यांना तार गुंडाळलेली होती. विधानसभेचा सदस्य जॉर्ज विल्यम गॉर्डन हा आयरचा जुना टीकाकार. तो किंग्स्टनमध्ये होता, म्हणजे लष्करी कायद्याच्या हद्दीबाहेर. त्याला पकडून जहाजाने मोरांट बेला नेलं, लष्करी न्यायालयापुढे उभं केलं आणि २३ ऑक्टोबरला फाशी दिलं. दुसऱ्या दिवशी बोगलला. वर्षभरात जमैकाची दोन शतकं जुनी विधानसभा आपणच आपला अधिकार सोडून मोकळी झाली आणि १८६६ पासून बेटावर थेट राजसत्तेचा कारभार सुरू झाला.

ग्राहकाने हे लक्षात ठेवायचं ते एवढ्यासाठी की कार्डाची किंमत आणि ओळख दोन्ही यावर ठरतात. आयरला पदावरून काढल्यावर १८६६च्या ऑगस्टमध्ये साउथॅम्प्टनला त्याच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. एकीकडे त्याच्यावर खुनाचा खटला भरावा म्हणून तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलच्या अध्यक्षतेखाली जमैका समिती उभी राहिली, तिच्यात डार्विन, हक्सले, स्पेन्सर असे शास्त्रज्ञ-विचारवंत. दुसरीकडे आयरचा बचाव-निधी, त्यात कार्लाइल, रस्किन, डिकन्स, टेनिसन असे लेखक-कवी. अख्खं इंग्लंड दोन तटांत वाटलं गेलेलं असताना आल्बममध्ये आयरचं कार्ड लावणं म्हणजे आपण कुठल्या बाजूचे ते दाखवणंही होतं. म्हणून 'जमैकाचे माजी गव्हर्नर' अशी त्या काळची शाईतली ओळ असलेलं कार्ड आणि नुसतं 'आयर' असं नंतर पेन्सिलीने लिहिलेलं कार्ड यांत फरक करावा. पहिलं जास्त बोलकं असतं. दुसऱ्याच्या बाबतीत आधी चेहरा पटवून घ्यावा. लांब दाढीचे, काळ्या कोटातले व्हिक्टोरियन गृहस्थ ढिगाने सापडतात आणि अनोळखी दाढीला ओळखीचं नाव दिलं की दोन-पाच पौंडांच्या कार्डाची किंमत कितीतरी पट होते, हे विक्रेत्यांना पक्कं ठाऊक असतं. पडताळणीसाठी लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संकेतस्थळावरची त्याची छायाचित्रं समोर ठेवावीत. कपाळ आणि कानाची ठेवण जुळते का ते पाहावं. दाढी जुळणं हा पुरावा नव्हे.

आता वस्तू. कार्त-द-व्हिझिट हा प्रकार पॅरिसच्या दिस्देरी या छायाचित्रकाराने १८५४ मध्ये पेटंट घेऊन रूढ केला. एकाच काचेच्या पट्टीवर अनेक भिंगांच्या कॅमेऱ्याने आठ छबी घ्यायच्या, एकदम छापायच्या आणि कापून कार्डांवर चिकटवायच्या. फोटो साधारण ५४ × ८९ मिमी, कार्ड ६४ × १०० मिमी. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. पण कार्ड लक्षणीय आखूड असेल तर ते आल्बमच्या खाचेत बसवायला कुणीतरी कापलं आहे असं समजावं. बहुधा खालचीच पट्टी जाते, आणि स्टुडिओचं किंवा माणसाचं नाव नेमकं त्याच पट्टीवर असतं. अशा कार्डाला निम्म्याहून जास्त पैसे देऊ नयेत.

कागद अल्ब्युमेनचा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकात मीठ मिसळून त्याचा थर दिलेला. त्यावर सिल्व्हर नायट्रेट, मग निगेटिव्हला टेकवून उन्हात छपाई, सोन्याच्या क्षाराने टोनिंग (म्हणजे छटा बदलणं), हायपो या चित्र पक्कं करणाऱ्या रसायनात बुडवून धुलाई. घडवण्याची ही रीत माहीत असली की बिघाडाची कारणं आपोआप कळतात. बलक वयाने पिवळा पडतो, म्हणून पांढऱ्या जागा कधीच शुभ्र नसतात. धुलाई अर्धवट राहिली असेल तर उरलेला हायपो चांदीला खातो : आधी चेहऱ्यावरचा उजेड आणि कॉलर यांतले बारकावे जातात, गडद कोट मात्र टिकून राहतो. म्हणून फोटोत आधी कोटाकडे नव्हे, कॉलरच्या घडीकडे बघावं. घडी वेगळी दिसत असेल तर प्रत चांगली. कॉलर आणि दाढीची कड एकमेकांत मिसळून पिवळट डाग झाला असेल तर ते नुकसान भरून येत नाही, विक्रेता 'जुन्या काळाचा सुंदर रंग' म्हणाला तरी.

१० पट भिंग घ्या. खऱ्या अल्ब्युमेनमध्ये कागदाचे तंतू थराखालून दिसतात, ठिपके कुठेच नसतात, आणि पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं असतं. ठराविक ओळींत ठिपके दिसले तर ती नंतरच्या काळातली हाफटोन छपाई, पुस्तकातून किंवा मासिकातून कापलेली. रंगीत शिंतोडे दिसले तर इंकजेट. ठिपके नाहीत, तंतूही नाहीत, गडद भागात किंचित उठाव आहे आणि रंग जराही उडालेला नाही, तर वुडबरीटाइप किंवा कार्बन प्रत (चांदीऐवजी रंगद्रव्याने काढलेली) असू शकते. ती खोटी नव्हे, वेगळी. विक्रेत्याने तसं सांगायला हवं.

कार्डाच्या पुठ्ठ्यावरून काळ बऱ्यापैकी कळतो. १८६०च्या दशकातली कार्डं पातळ आणि चौकोनी कोपऱ्यांची असतात. गोल कोपरे, जाड पुठ्ठा, सोनेरी तिरक्या कडा हे १८७०नंतरचं काम. गोल कोपऱ्यांच्या जाड कार्डावर आयर असेल तर एकतर स्टुडिओने जुन्या निगेटिव्हवरून नंतर पुन्हा प्रत काढली किंवा दुसऱ्या कुणी फोटोचा फोटो घेतला. हा दुसरा प्रकार त्या काळी सर्रास चालायचा. १८६२च्या कायद्याने छायाचित्रांना स्वामित्वहक्क मिळाला होता, पण त्यासाठी स्टेशनर्स हॉलमध्ये नोंद लागत असे आणि चोरटे त्यालाही जुमानत नसत. फोटोचा फोटो ओळखायला सोपा : काळं-पांढरं भडक, मधल्या छटा गायब, डोळे आणि भुवया हाताने रेखलेल्या, आणि कधीकधी कडेला मूळ फोटोच्या काठाची पुसट सावली. पाठीवर स्टुडिओचा पत्ता नसणं ही आणखी एक खूण. इतिहासाच्या दृष्टीने अशी चोरटी प्रत बिनकामाची नाही, चेहऱ्याला किती मागणी होती ते तिच्यावरून कळतं. फक्त मूळच्या भावात घेऊ नये.

आजची बनावट वेगळ्या तऱ्हेची असते. अनोळखी माणसाचं खरं जुनं कार्ड घेतात, फोटो भिजवून काढतात आणि त्या जागी नवी छापील प्रत चिकटवतात. पाठ खरी, पुठ्ठा खरा, चेहरा नवा. यावर ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च हा पहिला उपाय. अंधारात प्रकाश टाकला की उजळ करणारी रसायनं घातलेला आधुनिक कागद निळसर चमकतो, १८६०च्या कागदात ही रसायनं असणं शक्य नाही. सगळेच नवे कागद चमकत नाहीत, म्हणून चमक नाही यावर विसंबू नये, भिंग लावावंच. शिवाय बुरशीचे तपकिरी ठिपके पाहावेत. ते पुठ्ठ्यावरून फोटोत सरळ गेलेले असायला हवेत. फोटोच्या काठाशी ठिपका अर्धा कापल्यासारखा थांबला, तर वरचा कागद नंतर आला.

विक्रेत्याकडून पाच फोटो मागून घ्यावेत : दर्शनी बाजू, पाठ, कडेने तिरका प्रकाश टाकून घेतलेला, कडेची जाडी दाखवणारा, आणि शेजारी पट्टी ठेवलेला. पाठीचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर सौदा सोडावा. ब्रिटनमधल्या लिलावात हातोडीच्या भावावर लिलावघराचं कमिशन आणि त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट बसतो. कमिशनचा दर आधी विचारून सगळं बेरजेत धरावं, नाहीतर ४० पौंडांचं कार्ड ५० च्या पुढे जातं. टपालात दोन कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये, आणि चिकटपट्टी कार्डाला कुठेही न लागता, हे लेखी कबूल करून घ्यावं.

आल्बममधून सुटं केलेलं कार्ड आणि अख्खा आल्बम असा पर्याय असेल तर, परवडत असल्यास, आल्बम घ्यावा. कोण कोणाशेजारी लावलं आहे यातच माहिती असते. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमैकात नेमणुकीवर असलेल्या एका लष्करी शल्यचिकित्सकाचा आल्बम आहे. त्यात मोरांट बे प्रकरणातल्या दोन्ही बाजूंची माणसं एकाच पुठ्ठ्यात बांधलेली आहेत. असा आल्बम फोडून सुटी कार्डं विकली की एकेकाला भाव जास्त येतो आणि मोलाचं ते जातं.

एक गोष्ट इथेच नोंदवण्यासारखी. आयरची चांगली, खात्रीची छायाचित्रं मिळतात. बोगलची म्हणून जी फिरते ती छबी त्याचीच आहे का यावर वाद आहे. तरी जमैकाच्या दोन डॉलरच्या नोटेवर चेहरा होता तो बोगलचा. १९६९ मध्ये तो आणि गॉर्डन राष्ट्रीय वीर ठरले आणि संसदेची इमारत गॉर्डन हाउस म्हणून ओळखली जाते. बाजारात मात्र 'बोगलचं मूळ छायाचित्र' म्हणून कुणी काही विकत असेल तर पैसे खिशातच ठेवावेत.

आता छापील प्रती. इथे दोष साध्या गणिताचा आहे. कार्डावरचा फोटो ५४ मिमी रुंद, म्हणजे सव्वादोन इंचांहूनही कमी. तो ए४च्या रुंदीला, २१० मिमीला, न्यायचा तर जवळजवळ चौपट मोठा होतो. ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) छपाई हवी तर मूळ कार्ड १,२०० डीपीआयला स्कॅन झालेलं पाहिजे. बहुतेक दुकानं संकेतस्थळावरची ८०० पिक्सेल रुंदीची प्रतिमा उचलतात; ती ए४वर शंभराहूनही कमी डीपीआय भरते. मग सॉफ्टवेअरने धार लावतात, दाढी तारेच्या घासणीसारखी होते आणि कातडी मेणाची. ए३ तर या कार्डावरून करूच नये, चेहऱ्यापेक्षा कागदाचे तंतूच मोठे दिसतात. मोठी प्रत हवी तर कॅमेरॉनच्या छायाचित्रावरून घ्यावी. १८६६पासून ती १५ × १२ इंचांच्या काचा वापरत असे आणि प्रत निगेटिव्हच्या मापाचीच निघे, त्यामुळे ए३ला वाढ जेमतेम लागते. ती मऊ फोकसमध्ये काम करायची, तेव्हा प्रत धूसर आली म्हणून तक्रार करू नये. उलट टोकदार दिसली तर कुणीतरी त्यात हात घातला आहे.

कॅमेरॉनचा विषय निघालाच आहे तर : ती कलकत्त्यात जन्मली, आयरच्याच वर्षी, १८१५ मध्ये, आणि तिच्या कुटुंबाचे सिलोनमध्ये कॉफीचे मळे होते. बचाव-निधीतला टेनिसन तिचा वाइट बेटावरचा शेजारी. कार्लाइलचं तिने काढलेलं नावाजलेलं छायाचित्रही १८६७चंच. तिने आयरला जो गंभीर, जवळजवळ ऋषितुल्य चेहरा दिला तो कुठल्या वर्तुळातून आला हे यावरून समजतं. छायाचित्र म्हणून ते उत्तम आहेच. भिंतीवर लावल्यावर पाहुणे 'हे कोण संत?' असं विचारतील, याची तयारी ठेवावी.

छापील प्रत मागवताना तीन गोष्टी विचाराव्यात. स्कॅन कुठल्या संस्थेच्या प्रतीवरून आणि किती पिक्सेलचा; शाई पिगमेंटची की डायची; कागद कापसाचा आहे का. छायाचित्राचा हक्क केव्हाच संपला असला तरी संस्थेच्या स्कॅनला वापराच्या अटी असतात, त्यामुळे संग्रहालयाच्या अधिकृत छपाई-सेवेकडून घेतलेली प्रत थोडी महाग पण निर्धोक. तिथला दर्जाही बरा असतो. आमच्या मते पाचपैकी साडेतीन. गुण कापले ते रंगासाठी. बहुतेक छपाईवाले 'जुना फोटो' म्हटलं की सरसकट चहाच्या पाण्यासारखा सेपिया फासतात. सोन्याने टोन केलेला अल्ब्युमेन गडद भागात जांभळट-तपकिरी असतो आणि पिवळेपणा फक्त उजळ भागात. कृत्रिम बुद्धिमत्तेने रंगवलेल्या, डोळे चमकवलेल्या प्रतींना शून्य.

मूळ कार्ड फ्रेम करण्याचा मोह टाळावा. भिंतीवर छापील प्रत, पेटीत मूळ कार्ड, ही विभागणी योग्य. दाखवायचंच असेल तर काही महिन्यांपुरतं, ५० लक्सच्या आसपासच्या मंद प्रकाशात, अतिनील अडवणाऱ्या काचेमागे, आणि काच फोटोला टेकणार नाही एवढा जाड कापसी माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) मध्ये ठेवून. कार्ड चिकटवू नये, चारी कोपऱ्यांना कागदी कोपरे पुरतात. साठवणीला पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं घ्यावीत. पीव्हीसीची नकोत, त्यातून निघणारं आम्ल फोटो खातं. चिकट पानांचे आल्बम तर मुळीच नकोत. आर्द्रता ३० ते ५० टक्के, जागा थंड आणि अंधारी. दमटपणात बुरशी येते आणि कसर बलकाचा थर व खळ दोन्ही कुरतडते. फार कोरड्या हवेत अल्ब्युमेन आक्रसून कार्ड कमानीसारखं वाकतं. ते पुस्तकाखाली दाबून सरळ करायला गेलं की चेहऱ्यावरून आडवी भेग जाते, आणि ती बुजवता येत नाही. वाकलेलं कार्ड वाकलेलंच ठेवावं, पाकीट जरा मोठं घ्यावं. ओल्या फडक्याने पुसणं, खोडरबरने पाठ साफ करणं हे दोन्ही वर्ज्य. पाठीवरच्या त्या पुसट पेन्सिलीच्या ओळीसाठीच तर निम्मे पैसे मोजलेले असतात.

फ्रेमच्या प्रतीखाली ओळ लिहायची तर दुकानाची छापील पट्टी काढून टाकावी आणि आपली लावावी. माउंटच्या खालच्या कडेत १० मिमी उंचीची खिडकी कापून घेतली तर दोन ओळी आरामात बसतात : 'एडवर्ड जॉन आयर (१८१५–१९०१), जमैकाचा गव्हर्नर. मोरांट बे, ऑक्टोबर १८६५ : ४३९ ठार. छायाचित्र : ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन, १८६७.' अक्षर ८ पॉइंटपेक्षा लहान नको, काचेमागून वाचता येत नाही. पट्टीही पिगमेंट शाईतच छापून घ्यावी. डायची शाई उन्हात दोन-तीन वर्षांत उडते.